विसरण्यासाठी केलेली करमणूक

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव आहे, ते गाव आज पाण्याखाली आहे. घोड नदीवर डिंभे येथे धरण बांधले गेले आणि जुने आंबेगाव त्याच्या जलाशयात बुडाले. तालुक्याचा कारभार घोडेगावहून चालतो. नाव मात्र बुडालेल्या गावाचेच राहिले. जलाशयाला दिलेले नावही स्मरणासाठीच आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाचा ट्रक अडवताना प्राण देणारे हुतात्मा बाबू गेनू याच तालुक्यातील महाळुंगे पडवळचे. उन्हाळ्यात पाणी ओसरू लागले की जुन्या वस्तीच्या खुणा उघड्या पडतात. विस्थापित झालेली महादेव कोळी कुटुंबे मागे सरणाऱ्या पाण्याच्या काठाने मोकळ्या झालेल्या गाळाच्या जमिनीत पीक घेतात. पाण्याने झाकलेले वर्षातून एकदा तरी दिसते. दिसते म्हणून त्याची आठवण निघते.

विस्मरणाची दुसरीही एक जात आहे. तिच्यात कोणाचे घर बुडत नाही, कोणाचा आक्रोश ऐकू येत नाही. डिंभ्याच्या काठावरच्या वाडीपासून वसईच्या बंगल्यापर्यंत रोज संध्याकाळी माणसे पडद्यासमोर बसतात, तास-दोन तास काहीतरी पाहतात आणि उठल्यावर त्यातले काहीही त्यांच्यापाशी उरत नाही. या करमणुकीविषयी आमच्या समाजात तक्रारी पुष्कळ झाल्या. त्या बहुतेक नीतीच्या अंगाने झाल्या: अश्लीलता फार, हिंसा फार, कौटुंबिक मूल्यांची नासाडी फार. या तक्रारी खोट्या आहेत असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्या सगळ्या पडद्यावर काय दाखवले जाते याविषयीच्या आहेत. पाहणाऱ्यात मागे काय उरते, हा प्रश्न आम्हांला अधिक महत्त्वाचा वाटतो. ज्यात आक्षेपार्ह असे एकही दृश्य नाही, अशी करमणूकही माणसाचे लक्ष आणि स्मरण बधिर करू शकते. आणि लक्ष बधिर झाले की दयाही बधिर होते, असे आमचे म्हणणे आहे.

हे म्हणणे अभिजनांच्या तोऱ्यातून आलेले वाटू नये म्हणून शास्त्रीय संगीताचे किंवा नाट्यगृहातल्या प्रायोगिक रंगभूमीचे उदाहरण आम्ही घेत नाही. डिंभ्याच्या शेजारी, जुन्नर तालुक्यात, नारायणगाव आहे. तमाशाची पंढरी म्हणून ते महाराष्ट्रास ठाऊक आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येतात, घासाघीस करून आपल्या यात्रेसाठी सुपारी देतात. ही करमणूक लोकांची, पैसे घेऊन केलेली, आणि पुष्कळदा चावट होती. आमच्या धर्मगुरूंनी तिच्याविरुद्ध प्रवचने केली असतील तर त्यात नवल नाही. तरीही ती विसरण्याजोगी नव्हती.

का नव्हती, हे तिच्या घडणीत पाहता येते. गण, गवळण, बतावणी आणि वग असा तिचा क्रम. गणाने खेळ सुरू झाला हे कळे आणि पहाटे वग संपला की खेळ संपला हे कळे. बतावणीत सोंगाड्या ज्या गावी फड उतरला असेल त्या गावच्या पाटलाची, पंचांची, रुसलेल्या भावकीची खोड काढी; म्हणजे त्या गावाकडे त्याला नीट पाहावे लागे. श्रोता आवडीच्या जागी पुन्हा गायला लावी, नावडीच्या जागी उठून जाई. यात्रा वर्षातून एकदाच, म्हणून पाहिलेले वर्षभर पुरवावे लागे. बांधावर, खळ्यावर, विहिरीच्या काठी लोक वगातली भाषणे एकमेकांना म्हणून दाखवत. करमणुकीचा अर्धा भाग तंबूत होई आणि उरलेला अर्धा आठवणीत.

नारायणगावच्या विठाबाई भाऊ मांग यांच्याविषयी सांगितली जाणारी एक हकिकत बहुतेक वाचकांना माहीत असेल. दिवस भरलेले असताना त्या फडावर उभ्या होत्या. खेळ चालू असतानाच कळा आल्या. त्या आत गेल्या, बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा फडावर आल्या. ही हकिकत नेहमी विठाबाईंच्या धैर्याचे उदाहरण म्हणून सांगितली जाते, आणि ते धैर्य होतेच. पण तिच्या शेवटाकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. परत आलेल्या विठाबाईंचे पोट उतरलेले आहे हे प्रेक्षकांनी ओळखले, चौकशी केली, आणि खेळ थांबवून त्यांना विश्रांती घ्यायला लावली. तिकीट काढून आलेली, शिट्ट्या मारणारी ती गर्दी नाचणाऱ्या बाईकडे इतके लक्ष देऊन पाहत होती की त्या लक्षातूनच एका क्षणी तिला नाचणारी दिसायची थांबली आणि बाळंतीण दिसली. आमच्या मते करमणुकीच्या समीक्षेतला निकष येथे सापडतो. जी करमणूक पाहणाऱ्याचे लक्ष जागे ठेवते, ती त्याला वेळप्रसंगी करमणुकीच्या पलीकडचा माणूसही पाहू देते.

याच विठाबाईंचे शेवटचे दिवस हलाखीत गेले हेही येथे सांगितले पाहिजे. राष्ट्रपती पुरस्काराचा मान त्यांना मिळाला होता. २००२ च्या जानेवारीत त्यांचे निधन झाले. नंतर राज्य शासनाने त्यांच्या नावाने जीवनगौरव पुरस्कार ठेवला. लोकांना लावण्या आठवत राहिल्या, गाणारीचे औषधपाणी आठवले नाही. तमाशातील स्त्रियांच्या वाट्याला आलेले शोषण आणि त्यामागची जातीची उतरंड विसरून त्या काळाचे गोडवे गाणे खोटेपणाचे होईल. स्मरणात राहणारी कला माणसाला आपोआप कृतज्ञ करत नाही. ती एवढेच करते की कृतज्ञ होण्यासाठी लागणारे साहित्य त्याच्यापाशी शिल्लक ठेवते. त्याचे त्याने काय केले, हा पुढचा हिशेब त्याचा आहे.

आता पडद्याकडे वळू. 'चार दिवस सासूचे' ही मालिका ई टीव्ही मराठीवर २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये संपली. नावातले चार दिवस अकरा वर्षे चालले. भागांची संख्या तीन हजारांच्या पुढे गेली. जाहिराती वगळून एका भागाची वीस मिनिटे धरली, तरी सगळे भाग पाहणाऱ्या गृहिणीने आयुष्यातले हजार तास तिला दिले. रोहिणी हट्टंगडी यांच्यासारख्या समर्थ अभिनेत्री तिच्यात होत्या. अभिनयाची उणीव होती असे कोणी म्हणणार नाही. तरीही वाचकांनी स्वतःलाच विचारावे: त्या हजार तासांतला कोणता प्रसंग, कोणते वाक्य, कोणते मौन आज आठवते? नाव आठवेल, शीर्षकगीताची चाल आठवेल, एखादा चेहरा आठवेल. प्रसंग आठवणे कठीण आहे.

हा प्रेक्षकाचा दोष नव्हे आणि नटांचाही नव्हे. आठवण राहण्यासाठी गोष्टीला शेवट लागतो. शेवटाच्या उजेडात मागचे प्रसंग आपापल्या जागी बसतात आणि मग ते मनात ठेवता येतात. जी गोष्ट लोकप्रियता असेतोवर संपवायचीच नाही असे आधीच ठरलेले असते, तिला हा उजेड मिळत नाही. मेलेले पात्र परत येते, क्षमा केलेला अपराध पुन्हा उकरला जातो, कोणत्याही निर्णयाचे परिणाम कायम राहत नाहीत. प्रेक्षकाने मागचे पक्के लक्षात ठेवले, तर त्याला पुढचे पाहवणार नाही. म्हणून विसरणे ही अशा मालिकेची गरजच बनते. भागाच्या आरंभी मागील भागातील दृश्ये पुन्हा दाखवतात. एखादे वाक्य उच्चारले गेले की प्रत्येक पात्राचा चेहरा ढोलाच्या ठोक्यासह क्रमाने दाखवतात. स्वयंपाकघरात फोडणी देता देता पाहणाऱ्या बाईचे अर्धेच लक्ष पडद्याकडे असणार, हे गृहीत धरून ही रचना केलेली असते. सोंगाड्याला गावाचे पुरे लक्ष हवे होते. येथे अर्ध्या लक्षावर भागते, आणि हळूहळू अर्धेच लक्ष देण्याची सवय जडते.

पुढची पायरी आणखी खालची आहे. २०१६ च्या सप्टेंबरात जिओची सेवा सुरू झाली आणि मोबाइलवरचा डेटा खेड्यापाड्यांत परवडू लागला. मालिकेला निदान ठरलेली वेळ होती आणि घरातली माणसे तिच्याभोवती एकत्र तरी बसत. आता प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आला आणि त्यावर काही सेकंदांच्या चित्रफिती एकामागून एक येऊ लागल्या. २०२० च्या जूनमध्ये केंद्र शासनाने टिकटॉकवर बंदी घातली. कोट्यवधी भारतीय रोज जे पाहत होते ते एका रात्रीत नाहीसे झाले. त्या चित्रफिती तयार करणाऱ्या खेड्यांतल्या कित्येक तरुण-तरुणींना त्याचे खरे दुःख झाले. प्रथमच कोणीतरी त्यांच्याकडे पाहिले होते. पाहणाऱ्यांचे काय झाले? पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात 'रील्स' आणले आणि पाहणारे तिकडे गेले. गावातला एक जुना वृक्ष पडला तर माणसे वर्षभर त्याच्याविषयी बोलतात. येथे एवढे मोठे काही पडले आणि त्याची जागा रिकामी दिसली नाही.

करमणूकच मुळात वाईट, असे म्हणणारा एक कडक सूर आमच्या परंपरेत आहे. तो आमचा नाही. संत थॉमस अॅक्वायनस यांनी आपल्या 'सुम्मा' या ग्रंथात खेळाला आणि विनोदाला सद्गुणांच्या विचारात जागा दिली आहे. शरीराला जशी विश्रांती लागते तशी मनालाही लागते, आणि ती आनंदातून मिळते, असे ते मानतात. तेथे त्यांनी संत योहानाविषयीची एक जुनी कथा सांगितली आहे. योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळत बसलेले पाहून काही लोकांना ते रुचले नाही. त्यांच्यातील एकाजवळ धनुष्य होते. योहानाने त्याला बाण सोडायला सांगितले, पुन्हा सांगितले, पुन्हा सांगितले, आणि विचारले की असे सतत करता येईल काय? धनुष्य मोडेल, असे तो म्हणाला. मनाचेही तसेच आहे, असे योहानाने उत्तर दिले. दिवसभर भाताच्या खाचरात वाकलेल्या किंवा लोकलगाडीत लोंबकळलेल्या माणसाने संध्याकाळी काहीतरी पाहून हसावे, यात पाप नाही.

पण धनुष्याची दोरी सैल करतात ती पुन्हा ताणता यावी म्हणून. ज्या विश्रांतीनंतर माणूस पुस्तकाचे एक पान सलग वाचू शकत नाही, आजारी शेजाऱ्याचे बोलणे पाच मिनिटे ऐकू शकत नाही, जपमाळेचे एक दशक मन न विखुरता म्हणू शकत नाही, तिला विश्रांती कसे म्हणावे? तेथे दोरी सैल झालेली नसते, झिजलेली असते.

संत ऑगस्टीन यांना हे सोळाशे वर्षांपूर्वी कळले होते. त्यांच्या 'कन्फेशन्स' या ग्रंथाच्या सहाव्या भागात त्यांचा मित्र अॅलिपियस याची हकिकत आहे. रोममध्ये मित्रांनी त्याला बळेच रंगमंडलात नेले. तेथे शस्त्रधारी मल्ल एकमेकांना ठार करत. अॅलिपियसने डोळे घट्ट मिटून घेतले. परंतु गर्दीची एक प्रचंड आरोळी उठली, कुतूहलाने त्याने डोळे उघडले आणि त्या रक्ताची त्याला नशा चढली. तेथून परतला तो इतरांनाही सोबत नेणारा माणूस होऊन. हाच अॅलिपियस पुढे बिशप झाला. रक्ताचा खेळ आणि आजच्या निरुपद्रवी चित्रफिती यांची तुलना कोणास अतिरेकी वाटेल. म्हणून त्याच ग्रंथाच्या दहाव्या भागातली दुसरी गोष्ट पाहावी. तेथे ऑगस्टीन स्वतःविषयी सांगतात: सर्कशीत सशामागे धावणारा कुत्रा पाहायला मी आता जात नाही, पण शेतातून जाताना तोच पाठलाग दिसला तर माझे मन एखाद्या थोर चिंतनातून निघून त्याच्यामागे जाते, घरी बसलो असता माशा पकडणारी पालही माझे लक्ष ओढून घेते. यात अश्लील काही नाही, हिंसक म्हणावे असेही फारसे नाही. तरीही त्यांनी ते निवेदनात नोंदवले, कारण प्रश्न पालीचा नव्हता, निसटत्या लक्षाचा होता. आज मात्र ती पाल बोटाच्या एका फटकाऱ्यासरशी पुन्हा हजर होते, आणि ती हजर राहावी यासाठी मोठमोठे उद्योग झटत असतात.

लक्ष आणि दया यांचा संबंध आम्ही वर जोडला. त्याची कसोटी डिंभ्याच्या पश्चिमेच्या डोंगरांतच लागली. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण या गावावर डोंगर कोसळला. दीडशेवर माणसे गेली. बाहेरच्या जगाला ही बातमी एका एस. टी. चालकामुळे कळली. नेहमीच्या रस्त्याने जाताना नेहमीचे गाव त्याला दिसेना. रोज पाहिलेल्या गोष्टीकडेही ज्याचे लक्ष असते, त्यालाच ती नाहीशी झालेली कळते. आळसावलेल्या सकाळी, पावसात, त्या चालकाने गाव नसल्याचे पाहिले, म्हणून मदतीची हाक गेली.

त्यानंतर माळीण पडद्यावर आले. चिखल, यंत्रे, हंबरडा आणि मधून मधून जाहिराती. महाराष्ट्र हळहळला, आणि ती हळहळ खोटी नव्हती. परंतु ज्या पडद्यावर, ज्या संगीतासह, ज्या गतीने मालिका येते त्याच रीतीने दुःखही आले, तेव्हा पाहणाऱ्याच्या मनाने त्याला मालिकेचीच वागणूक दिली. काही दिवसांनी दुसरा विषय आला. २०१७ मध्ये आमडे येथे नवे माळीण उभे राहिले, तेव्हा पुन्हा एक दिवस चित्रे झळकली. २०२१ च्या जुलैत महाड तालुक्यातील तळिये गेले. २०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यातील इरशाळवाडी गेली. प्रत्येक वेळी माळीणची आठवण झाली, असे सर्वांनी म्हटले. नवी दरड कोसळेपर्यंत जुनीचे नाव निघत नाही, तेव्हा त्या आठवणीला आठवण म्हणायचे की मागील भागातील दृश्ये? डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्यांसाठी मधल्या सात वर्षांत, दोन वर्षांत काय झाले हे विचारायला जागे स्मरण लागते. ते नसले म्हणजे शासनालाही उत्तर द्यावे लागत नाही.

दयाळू शोमरोन्याच्या दाखल्यात तिघेही जखमी माणसाला पाहतात. याजक पाहतो, लेवी पाहतो, शोमरोनीही पाहतो. पहिले दोघे दुष्ट होते असे प्रभू येशूने म्हटलेले नाही. त्यांनी पाहिले आणि ते पुढे गेले. आजच्या भाषेत सांगायचे तर त्यांनी चित्र सरकवले. पाहून थांबणे एवढाच शोमरोन्याचा पहिला गुण. तेल, द्राक्षारस आणि खाणावळीचा खर्च नंतर आला. ज्याची नजर थांबण्याचीच सवय विसरली, त्याचे हृदय कितीही कोमल असले तरी त्याला दयेपर्यंत पोहोचायला वेळच मिळत नाही. अतिरंजित करमणुकीने माणसे क्रूर होतात की नाही, याची चर्चा पंडितांनी करावी. आम्हांला भय वाटते ते क्रूरतेचे नाही, पुढे निघून जाण्याचे.

या भूमीत याहून वेगळी परंपरा होती. पुणे जिल्ह्यातील आणि महाराष्ट्रातल्या इतर खेड्यांतील बायकांनी जात्यावर दळताना रचलेल्या ओव्या गी पॉइतवां आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांसह गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाहून अधिक भरली. अक्षरओळख नसलेल्या बायकांनी पहाटेच्या अंधारात केलेली ही करमणूक. माहेर, सासर, लेक, विठ्ठल, दुष्काळ हे सगळे तिच्यात साठवले गेले, कारण ती हातांच्या कष्टाशी आणि श्वासाच्या लयीशी बांधलेली होती. याच ओवीच्या छंदात फादर थॉमस स्टीफन्स यांनी 'क्रिस्तपुराण' रचले आणि ते १६१६ मध्ये छापले गेले. त्या जुन्या आवृत्त्यांची एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. तरीही ग्रंथ टिकला, कारण भाविकांनी त्याची हस्तलिखिते उतरून घेतली आणि ते गाऊन जपले. आमच्या श्रद्धेचा मराठी वारसा स्मरणशक्तीच्या बळावर आमच्यापर्यंत आला आहे. आज आम्हीच एकमेकांना रोज सकाळी संतांची चमचमणारी चित्रे आणि अर्ध्या मिनिटाची भक्तिगीते मोबाइलवर पाठवतो आणि दुपारपर्यंत ती पुसून टाकतो. विषय पवित्र असला म्हणून विसराळू करमणुकीची जात बदलत नाही.

नारायणगावजवळ खोडद येथे पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची एक रेडिओ दुर्बीण आहे. अतिदूरच्या आकाशगंगांतून येणारे अत्यंत क्षीण संकेत टिपण्यासाठी ती उभारली. जागा निवडताना या परिसरात माणसांनी केलेला रेडिओ लहरींचा गोंगाट कमी आहे हे पाहिले गेले. शास्त्रज्ञांना जे आकाशासाठी करावे लागले ते आम्हांला घरासाठी करावे लागेल. क्षीण आवाज ऐकायचा तर मोठे आवाज दूर ठेवावे लागतात; आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाचा, मुलाच्या मनातल्या भीतीचा, परमेश्वराच्या हाकेचा आवाज नेहमी क्षीणच असतो.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी समाजसंपर्क माध्यमांविषयी जो आदेश प्रसिद्ध केला, त्यात माध्यमे चालवणाऱ्यांइतकीच वाचकांची, श्रोत्यांची आणि प्रेक्षकांचीही कर्तव्ये सांगितली आहेत. निवड करणे हे त्यांतले मुख्य. त्याला आम्ही आमच्या बाजूने एक लहान प्रथा जोडू इच्छितो. जेवणाच्या वेळी, रात्रीच्या प्रार्थनेआधी, घरातल्या प्रत्येकाने त्या दिवशी पाहिलेल्यांपैकी एक गोष्ट इतरांना सांगावी. मालिका असो, चित्रपट असो, फडावरचा वग असो. जी सांगता येईल ती पाहिली ते बरे झाले. काहीच सांगता आले नाही, तर तो वेळ कोठे गेला हे घराला कळेल आणि कोणाला रागवावे लागणार नाही.

शेवटच्या भोजनाच्या वेळी प्रभूने शिष्यांपाशी फार मागितले नाही. त्याने स्मरण मागितले. प्रत्येक मिस्साबलिदानात आम्ही ते त्याला देण्यासाठी जमतो. आमचे स्मरण आम्ही आठवड्याचे सहा दिवस किरकोळीने विकत राहिलो, तर सातव्या दिवशी वेदीवर ठेवायला आमच्या हातात काय उरेल?